बालकांच्या स्थूलतेची कारणमीमांसा

लठ्ठ मुलाविषयी समाजाचा फैसला बहुधा साक्षीपुरावा घेण्यापूर्वीच झालेला असतो. मूल खादाड, आई लाडावणारी, आणि बाप मागेल त्याला पैसे देऊन मोकळा होणारा, असे या निकालपत्राचे तीन ठरीव परिच्छेद असतात, आणि ते वाचून दाखविण्याचा अधिकार शेजाऱ्यापासून वर्गशिक्षकापर्यंत प्रत्येकाला आहे असे मानले जाते. यात तथ्यांश मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत वैद्यक, आहारशास्त्र व मानसशास्त्र यांनी या प्रश्नाचे जे दप्तर जमविले आहे ते उलगडून पाहिले, म्हणजे ताटातला जादा घास हे एका लांब कारणपरंपरेचे केवळ शेवटचे टोक असल्याचे, आणि ज्या दटावणीला आपण उपचार समजतो ती पुष्कळदा त्या परंपरेतीलच एक कडी असल्याचे ध्यानात येते.

हा विचार धरमतरच्या खाडीच्या अनुषंगाने करण्यास विशेष कारण आहे. एके काळी मुंबईहून धरमतरपर्यंत आगबोटी येत, आणि तेथून पुढे पेण-रोह्याकडे पसरलेला तो जुन्या कुलाबा जिल्ह्याचा मुलूख भाताचे एकच पीक, मिठागरावरची मजुरी आणि खाडीतली मासळी यांवर गुजराण करणारा होता. खारेपाटातील घराला धास्ती असे ती मुलाच्या हाडकुळेपणाची. अंगावर बाळसे असणे हे आरोग्याचेच नव्हे तर घराच्या अब्रूचे लक्षण होते, आणि सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस मिळे तेही गुटगुटीत बाळाला. पुढे 1990 च्या दशकात डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला, रोह्याच्या शेजारी धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत वाढली, आणि ज्या घरांत आजोबांनी बांध सांभाळला त्या घरांत नातवंडांच्या वयाला महिन्याचा पगार येऊ लागला. त्याच तालुक्यांच्या डोंगरकडेला मात्र कातकरी वाड्यांतील कुटुंबे आजही पावसाळा सरला की मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, आणि त्यांची मुले अंगणवाडीच्या नोंदवहीत कमी वजनाच्या रकान्यात दिसतात. एकाच मामलेदाराच्या हद्दीत भूक आणि मेद अशी शेजारी नांदत आहेत.

हे चित्र साऱ्या राज्याचे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 36.1 टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची होती. हा आकडा आधीच्या, म्हणजे 2015-16 च्या, पाहणीतील आकड्याहून जवळजवळ हललेला नाही. परंतु अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण त्याच अवधीत 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर, म्हणजे दुपटीहून वर, गेले. जगाच्या पातळीवर तर 2025 साली युनिसेफने असे जाहीर केले की 5 ते 19 वर्षे वयोगटात स्थूल मुलांचे प्रमाण (9.4 टक्के) कृश मुलांच्या प्रमाणाला (9.2 टक्के) प्रथमच मागे टाकून पुढे गेले आहे.

स्थूल कोणाला म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वाढत्या वयात उंची, वजन आणि त्यांचे परस्परप्रमाण ही तिन्ही बदलत असल्यामुळे प्रौढांचा एकच मापदंड मुलांना लावता येत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी जे सुधारित वृद्धितक्ते प्रसिद्ध केले, त्यांत भारतीय देहाचा मेदाकडील कल लक्षात घेऊन प्रौढांच्या 23 आणि 27 या देहभारांकांशी समांतर अशा सीमारेषा आखल्या आहेत. पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आणखी एक खूण अशी, की केवळ अन्नाधिक्याने स्थूल झालेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असते. वजन वाढत असताना उंची खुंटली असेल तर मात्र ग्रंथींच्या विकाराची शंका घेऊन डॉक्टरकडे जाणे अगत्याचे. असे विकार विरळा. तथापि ‘ग्रंथीचा दोष आहे’ ही समजूत अनेक घरांना सोयीची वाटते, कारण तीमुळे बाकीच्या कारणांची चौकशी तहकूब ठेवता येते.

स्थूलतेचे प्रथमदर्शनी कारण जमाखर्चाच्या वहीसारखे सरळ आहे. अन्नातून जमा झालेली ऊर्जा चलनवलन व वाढ यांच्या खर्चाहून अधिक झाली की शिल्लक मेदरूपाने साठते, आणि या नियमाला कोणत्याही कुलाचा वा प्रांताचा अपवाद नाही. परंतु वही फार तर शिल्लक किती ते सांगते. जमा का वाढली, खर्च का घटला आणि एकाच पंक्तीला जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाच्याच खाती शिल्लक का पडली, याचा खुलासा तिच्यात मिळत नाही.

या खुलाशाचा पहिला भाग अर्थातच वारशाचा आहे. 1986 साली अल्बर्ट स्टंकर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील 540 दत्तक व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा बांधा ज्यांनी वाढविले त्या आईबापांशी न जुळता ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी जुळतो असे आढळले. परंतु वारसा म्हणजे केवळ बीजातून येणारा वारसा नव्हे, गर्भाशयातूनही एक वारसा येतो, हे ज्या संशोधनाने जगाला पटविले त्याचा मोठा भाग महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवतींची आणि पुढे त्यांच्या अपत्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडातील साउदम्प्टनच्या बालकांचे सुमारे 3.5 किलो भरले. स्नायू, उंची, पोटाचा घेर या सर्वांत आपली बालके मागे होती, आणि तरीही त्यांच्या त्वचेखालील मेद मात्र फारसा कमी नव्हता. दिसायला किडकिडीत आणि आतून मेदाळ अशा या अर्भकाचे वर्णन 2003 साली प्रसिद्ध झाले. त्याच मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्यांच्या बाबतीत ही उणीव फॉलिक आम्लाच्या विपुलतेबरोबर एकत्र आली होती त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. सारांश, आज कमी वजनाच्या रकान्यात असलेल्या मुलीचे बाळ उद्या अतिवजनाच्या रकान्यात जाऊ शकते. हे दोन रकाने परस्परविरुद्ध नसून एकाच कथेचे दोन अध्याय आहेत.

असा देह घेऊन जन्मलेले मूल ज्या बाजारात वाढते तो बाजारही एका पिढीत पालटला. तांदळाची भाकरी, सुकटीचे किंवा बोंबलाचे कालवण, वालाचे बिरडे, पावसाळ्यात रानभाजी आणि थंडीत शेताच्या बांधावर लावलेली पोपटी हा या भागाचा आहार श्रीमंत नव्हता, पण तो खाण्यास वेळ लागे आणि पोट भरल्याची जाणीव होईपर्यंत तो पुरे. आज वडखळ नाक्यावरचा वडापाव हा प्रवाशाच्या विरंगुळ्यापुरता राहिला नसून पाळीवरून परतणाऱ्याच्या घरी संध्याकाळचे खाणे म्हणून जातो. आणि शाळेच्या वाटेवरील दुकानाच्या दारात पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या खारवलेल्या पाकिटांच्या माळा अगदी मुलाच्या हाताला येतील इतक्या उंचीवर टांगलेल्या असतात. तेल, पिष्ट, साखर व मीठ हे स्वस्त जिन्नस होत. दूध, डाळ, अंडे आणि जिताड्यासारखी मासळी महाग. कमी पैशांत पोट शांत करण्याची गरज असलेल्या घराने कोणती निवड करावी, हे बाजारानेच ठरवून ठेवलेले असते. तिला आईच्या आळसाचे नाव देणे सोपे, पण अन्याय्य होय.

खर्चाच्या बाजूचे वर्तमान याहून वेगळे नाही. बांधावरून शाळेला चालत जाणारे मूल आता रिक्षात किंवा शाळेच्या गाडीत बसते. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी 2011 पासून रुंदीकरणाखाली असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून आणि त्याला मिळणाऱ्या रस्त्यांवरून किती अवजड वाहने दिवसरात्र धावतात हे पाहावे, म्हणजे कोणती आई आपल्या लेकराला तेथून पायी वा सायकलवर धाडण्यास धजेल याचे उत्तर मिळते. आट्यापाट्या आणि लगोरीला लागणारी मोकळी जागा बंगल्यांच्या, गोदामांच्या व वाहनतळांच्या हिशेबात गेली, आणि घरात कोंडलेल्या मुलाच्या हाती मोबाइल आला.

येथवरची कारणे सर्वमान्य आहेत. मनाचा प्रश्न येताच मात्र चर्चा एक तर भावविवश होते, नाही तर थट्टेवर जाते. म्हणून प्रथम देहाची रीत पाहणे बरे. अकस्मात भय उत्पन्न झाले की अ‍ॅड्रिनलिन स्रवते आणि भूक मरते. परीक्षेच्या सकाळी मुलाच्या घशाखाली पोहे उतरत नाहीत ते यामुळे. परंतु चिंता दिवसांची, महिन्यांची झाली म्हणजे मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालील पिट्युटरी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक सतत पाझरत राहते. ते भूक चाळवते, गोड व स्निग्ध पदार्थांकडे ओढते आणि मेद पोटाभोवती साठविण्यास साह्य करते. कॅलिफोर्नियातील मेरी डॅलमन यांनी 2003 साली उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की दीर्घकाळ तणावाखालील प्राणी चरबी व साखर खातो तेव्हा त्या खाण्याने तणावाची यंत्रणा खरोखरच काहीशी शांत होते. म्हणजे चिंताग्रस्त मुलाने बिस्किटाचा पुडा संपविणे हा निव्वळ हावरेपणा नव्हे. देहाने स्वतःपुरते शोधून काढलेले ते एक औषध आहे, ज्याचा गुण तत्काळ येतो आणि अपाय सावकाश. झोपेचेही तेच. शिकागो येथे 2004 साली निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले असता भूक वाढविणारे ग्रेलिन वाढले आणि तृप्ती कळविणारे लेप्टिन घटले. ज्या घरात बाप तिसऱ्या पाळीला जातो, आई त्याच्या वेळेला उठते आणि मुलाच्या उशाशी पडदा मध्यरात्रीपर्यंत उजळलेला असतो, त्या घरात ही यंत्रणा कोणाच्याही नकळत रोज बिघडत असते.

भावनेच्या पोटी खाणे मूल कोठून शिकते, याचा शोध न्यूयॉर्कमध्ये हिल्डे ब्रुख या जर्मनीतून आलेल्या वैद्यक-विदुषीने 1930 च्या दशकाच्या अखेरीस आरंभिला. स्थूल मुले ग्रंथिविकाराने ग्रस्त असतात हा तेव्हाचा सिद्धान्त तिने शेकडो मुले तपासून खोडून काढला आणि दृष्टी कुटुंबाकडे वळविली. मूल रडते ते भुकेने, भीतीने, थंडीने किंवा नुसत्या एकटेपणाने. या प्रत्येक रडण्याला घराने खाऊ हे एकच उत्तर दिले, तर मोठेपणी त्या मुलाला आपली भूक आणि आपले दुःख यांतला भेदच ओळखता येत नाही, असा तिच्या विचाराचा निष्कर्ष होता. ‘रडू नको, खाऊ देते’ हे वाक्य ज्यांच्या घरात कधीच उच्चारले गेले नाही असे मराठी वाचक थोडेच निघतील. ब्रुखच्या काळच्या लेखनात सगळा भार मातेवर टाकण्याची प्रवृत्ती आहे आणि ती आज ग्राह्य धरता येत नाही. परंतु तिच्या मूळ निरीक्षणाला पुढे अनपेक्षित दुजोरा मिळाला. इंग्लंड व वेल्समधील जुळ्या मुलांच्या दीर्घ पाहणीवरून 2017 साली असे दिसले की, दुःखात वा रागात अधिक खाण्याची सवय ही प्रायः समान गृहवातावरणातून येते, तिच्यात रक्ताचा वाटा अत्यल्प असतो. भुकेचा जोर पुष्कळसा जन्मजात. पण त्या भुकेला भावनांशी जोडणारा दुवा घरात तयार होतो. आणि जे घरात तयार होते ते घरात बदलताही येते, हा त्यातला आशेचा भाग.

प्रतिकूल बालपणाची छाया किती लांब पडते याची साक्ष सॅन दिएगो येथील व्हिन्सेंट फेलिट्टी यांच्या अनुभवात आहे. 1980 च्या दशकात त्यांच्या स्थूलता-चिकित्सालयातून वजन उत्तम रीतीने घटत असलेले रुग्णच अर्ध्यावर निघून जाऊ लागले. चौकशी करता त्यांपैकी पुष्कळांच्या बालपणी अत्याचार घडल्याचे उघड झाले, आणि काहींना ते स्थूल शरीर संरक्षक वाटत होते. या चौकशीतून सतरा हजारांहून अधिक प्रौढांची जी पाहणी उभी राहिली तिचा पहिला अहवाल 1998 साली आला, आणि बालपणीच्या आपत्तींची संख्या वाढते तसा प्रौढपणीच्या तीव्र स्थूलतेचा धोकाही वाढतो असे त्यात दिसले. अर्थात प्रत्येक स्थूल मुलामागे अत्याचार शोधत बसणे हा या संशोधनाचा विपर्यास होईल. दारू, कर्ज, वडीलधाऱ्यांची भांडणे, जमीन गेल्यानंतरची भाऊबंदकी, घरातील आजार अशी सामान्य माणसांची सामान्य दुःखेही मुलाच्या अंगी लागतात, एवढाच बोध पुरे.

याच ठिकाणी एक आक्षेप संभवतो: दुःखाने मुले वाळतात असे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो, मग दुःखाने ती फुगतात हे कसे? दोन्ही खरे आहे, आणि त्याचा एक विलक्षण दाखला एल्सी विडोसन या ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ बाईंनी 1951 साली नोंदविला. युद्धोत्तर जर्मनीत दोन अनाथाश्रमांतील, प्रत्येकी सुमारे पन्नास मुलांचा रेशनवरचा आहार सारखाच असताना सहा महिने त्यांची वजने घेतली गेली. नंतरच्या सहा महिन्यांत एका आश्रमाला जादा पाव, मुरंबा व संत्र्याचा रस देण्यात आला. अपेक्षेविरुद्ध, पहिल्या सहामाहीत पुढे असलेला हा आश्रम जादा अन्न मिळताच मागे पडला. शोध घेता उमगले ते असे, की ज्या दिवसांत जादा अन्न सुरू झाले त्याच दिवसांत एक कडक, करड्या स्वभावाची अधीक्षिका दुसऱ्या आश्रमातून बदलून येथे आली होती, आणि जेवणाची वेळ ही तिची मुलांना सर्वांदेखत फैलावर घेण्याची वेळ असे. सूप निवून जाई, आणि एका मुलाच्या रडण्याने साऱ्या पंक्तीचा घास अडे. तिने सोबत आणलेली तिची आठ आवडती मुले मात्र त्याच पंक्तीत बसून छान वाढली. अन्न तेच, पण ते कोणाच्या नजरेखाली खाल्ले जाते यावर त्याचे देहात काय होते हे ठरते. जेथे अन्न मोजके आणि भय जेवणाच्याच पंक्तीला बसलेले, तेथे मूल वाळते. जेथे भय अन्यत्र आणि अन्न सदैव हाताशी, तेथे ते अन्नाच्या आश्रयाला जाते.

आता दटावणीचा विचार करता येईल. एखादा पदार्थ मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवून त्यास मनाई केली असता त्या पदार्थाविषयीची ओढ वाढते, हे लीन बर्च यांच्या प्रयोगांनी 1999 मध्येच दाखविले होते. 2014 साली अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक मुलींच्या पाहणीतून याहून गंभीर गोष्ट पुढे आली. दहाव्या वर्षी ज्यांना घरच्यांनी, मित्रमैत्रिणींनी वा शिक्षकांनी ‘तू फार जाड आहेस’ असे म्हटले होते त्या एकोणिसाव्या वर्षी स्थूल होण्याचा संभव, मुळातले वजन हिशेबात धरूनही, अधिक होता. आणि घरच्यांच्या शब्दाचा परिणाम परक्यांच्या शब्दाहून मोठा होता. अशा पाहण्या कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध करीत नाहीत, आणि स्थूलतेनेही दुःख उपजते हे विसरून चालणार नाही. परंतु ‘ढोल्या’ म्हणून हाक मारलेला मुलगा कबड्डीच्या मैदानावरून बाजूला होतो, शर्ट काढावा लागेल म्हणून नदीवर पोहायला जात नाही, आणि चारचौघांत टाळलेला घास स्वयंपाकघरात एकटा असताना खातो, हे पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याचे प्रयोजन नाही.

सरकारदरबारी या प्रश्नाची दखल अगदीच घेतली गेली नाही असे नाही. मे 2017 मध्ये राज्य शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत अतिस्निग्ध, अतिगोड व अतिखारट पदार्थ विकण्यास मनाई करणारा निर्णय काढला. 2020 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हीच मनाई शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत वाढविली. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा हुकूम झाला, ज्याचे कारणच मुलांची अपुरी झोप हे होते. कागदावर हे तिन्ही निर्णय योग्य आहेत. अंमलबजावणीचा मुद्दा असा, की पन्नास मीटरची रेघ ओलांडून मूल एक्कावन्नाव्या मीटरवरील दुकानात जाते, आणि तेथे कोणताही अन्न निरीक्षक त्याची वाट अडवीत नाही.

म्हणून उपायांचा क्रम थोडा निराळा लावावा लागेल. घराने मुलाच्या वजनावर बोलणे सोडून सर्वांच्या जेवणाच्या वेळेवर बोलावे. जो नियम एकट्या मुलाला लागू आहे तो शिक्षा ठरतो, आणि जो साऱ्या घराला लागू आहे तो रीत ठरते. रडणाऱ्या मुलाला खाऊ देण्याआधी काय झाले ते विचारावे. शाळेने वर्षातून दोनदा उंची व वजन घ्यावे, परंतु ते वर्गासमोर मोठ्याने वाचू नये, आणि खेळाच्या तासाला सर्वांत हळू धावणाऱ्याला बाकावर बसवून ठेवू नये. ग्रामपंचायतीने एक मैदान आणि महामार्गापासून सुरक्षित अशी एक पायवाट राखली, तर डॉक्टरांच्या पुष्कळ सल्ल्यांना आपोआप अर्थ येईल.

आणि या सर्वांच्या आधी, पुण्याच्या खेड्यांतील त्या तीस वर्षांच्या नोंदी ज्या ठिकाणी बोट दाखवितात तेथे पैसा खर्च करावा. डोंगरावरच्या वाडीतील आणि नाक्यावरच्या वसाहतीतील बारा-तेरा वर्षांच्या मुली आज एकाच तालुक्यातील शाळांत शिकत आहेत. त्यांना दूध, अंडे, डाळ, मासळी आणि ब-12 मिळाले, त्यांची लग्ने कच्च्या वयात झाली नाहीत, आणि गरोदरपण धाकाविना पार पडले, तर पुढच्या पिढीची कृशता व स्थूलता ही दोन्ही एकाच खर्चात कमी होतील. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात कुपोषण आणि अतिपोषण यांची दोन शीर्षके वेगळी ठेवण्याची काही गरज नाही.